एकाला ‘सहल’, दुसऱ्याला ‘गैरहजर’ : हजेरीपटाचा एक छोटा इतिहास

पेटच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरने मागच्या आठवड्यात विचारलं, "भाऊ, शिक्षणाच्या इतिहासावर काम करायचं तर साधनं कुठं मिळतील? पुण्या-मुंबईलाच जावं लागेल ना?" मी म्हटलं, जा ना, नक्की जा. पण त्याआधी आपल्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं लोखंडी कपाट उघडून घे. त्यात एक असं साधन आहे, जे सगळ्यांनी पाहिलंय आणि वाचलं जवळपास कुणीच नाही. हजेरीपट.

आजचा लेख त्या हजेरीपटाविषयी आहे. त्यातही फक्त एका प्रश्नाविषयी: विद्यार्थी बरेच दिवस वर्गाबाहेर असला, तर शाळा त्या दिवसांचं काय करते?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, सहलीत सापडला. एम.एस्सी.ला असताना जानेवारीत आमची अभ्यास सहल होती. चाळीसगाव तालुका, पाटणादेवी आणि आजूबाजूचं जंगल. वनस्पती गोळा करायच्या, वर्तमानपत्रात दाबायच्या, टूर रिपोर्ट लिहायचा. परत आलो तेव्हा हजेरीची काळजीच नव्हती. त्या दिवसांच्या रकान्यांत आडव्या ओळींवरून उभं एकच शब्द लिहिलेला: ‘टूर’. बुडालेल्या प्रॅक्टिकल्सची जादा बॅच लागली, एका विषयाचे तास रविवारी झाले, नोट्स झेरॉक्सवाल्याकडे तयार होत्या. आम्ही वर्गात नव्हतो, पण कागदावर आमचं काहीच बुडलं नव्हतं.

त्याच सहलीत आम्ही एका तांड्यावर पाणी प्यायला थांबलो होतो. निम्म्याहून जास्त घरांना कुलपं. ओट्यावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "समदे कारखान्यावर गेले. होळी-पाडव्याला येतील." शेजारीच शाळा होती. गुरुजींनी कौतुकाने आम्हाला आत बोलावलं. टेबलावर हजेरीपट उघडा होता. दिवाळीनंतर कितीतरी नावांपुढे ‘गै, गै, गै’ अशी ओळच्या ओळ, पानाच्या शेवटपर्यंत.

आम्ही गेलो ते शिक्षकांना माहीत होतं. ती मुलं गेली तेही शिक्षकांना माहीत होतं. कुठे गेली, कधी येणार, हेसुद्धा. मग एका गैरहजेरीला नाव मिळतं, भरपाई मिळते, वर गुणही मिळतात आणि दुसरीला नुसतं ‘गै’, असं का? हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं? चला, जरा मागे जाऊ.

हजेरी आधी पैशासाठी

आपल्याला वाटतं हजेरी शिस्तीसाठी घेतात. इतिहास थोडा वेगळं सांगतो. इंग्लंडमध्ये १८६२ साली ‘सुधारित संहिता’ आली. शाळेला मिळणारं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेवर ठरू लागलं. मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकात निकालानुसार अनुदानाची पद्धत आली. म्हणजे रकान्यातल्या खुणेचा संबंध पैशाशी जोडला गेला. १८८० मध्ये छापलेला खानदेश जिल्ह्याचा गॅझेटिअर उघडा. शिक्षणाच्या प्रकरणात शाळांची संख्या, पटावरची मुलं असे आकडे भेटतात. ते वाचताना हे लक्षात ठेवा की, तो आकडा पाठवणाऱ्याला त्या आकड्यावरून जोखलं जाणार होतं.

तेव्हाच्या खानदेशात मुलं वर्गाबाहेर का राहत असतील? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इथल्या कापसाला भाव आला, त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत पोहोचली, आणि कापूस हे इथलं मुख्य पीक होत गेलं. कापसाची वेचणी दसऱ्यानंतर सुरू होते आणि पुढे काही महिने चालते. घरातले सगळे हात लागतात, त्यात लहान हातही आले. आजही कापूस पट्ट्यातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, दिवाळीनंतरचे आठवडे कसे जातात ते सांगतील.

ही गोष्ट सरकारपुढे स्पष्ट शब्दांत मांडली ती जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं की, शेतकऱ्यांची मुलं गुरं राखायला आणि शेत सांभाळायला लागतात, म्हणून ती शाळेत येत नाहीत. त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं ठेवा. आणि वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असंही ते म्हणाले. दोन्ही मागण्या एकत्र वाचायला हव्यात. फुल्यांच्या लेखी गैरहजेरी हा मुलाचा दोष नव्हता, घरच्या अर्थव्यवस्थेचा हिशेब होता. सक्ती करायची तर त्या हिशेबात भर घालावी लागेल, एवढं त्यांना नक्की कळलं होतं.

सक्ती आली, दंड आला

पुढे सक्ती आली, पण भर घालायचा भाग मागे पडला. मूळचे मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे असलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर होते. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लावला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. ब्रिटिश मुलखात गोखल्यांचं १९११ चं विधेयक फेटाळलं गेलं होतं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली.

हे सगळं मोठं काम होतं, त्यात वाद नाही. पण या कायद्यांच्या पोटात एक गृहीतक आहे, ते तुम्ही संशोधक म्हणून पकडलं पाहिजे. घर एका जागी आहे, शाळा एका जागी आहे, आणि मूल रोज दोन्हींच्या मध्ये ये-जा करतं. मूल आलं नाही तर त्याला दोनच कारणं: आजार किंवा पालकांचा आळस. घरच जागा बदलतं, हे तिसरं कारण या चौकटीत नीट बसतच नव्हतं.

सहल अभ्यासक्रमात कशी शिरली

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. वर्गाबाहेर जाणं हेही शिक्षण आहे, हा विचार आपल्याकडे हळूहळू मान्य झाला. १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची कल्पना पुढे आली. १९४८ च्या कायद्याने एनसीसी सुरू झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांमध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली: वर्षाला १२० तासांचं काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. वनस्पतीशास्त्र, भूशास्त्र, भूगोल या विषयांत अभ्यास सहल आणि तिचा अहवाल हा प्रात्यक्षिक परीक्षेचा भाग झाला. शाळांच्या सहलींना एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देऊ लागली.

यातून एक सुंदर यंत्रणा तयार झाली, आणि ती इतकी सवयीची आहे की आपल्याला दिसतच नाही. तिचे भाग मोजा. एक, जाण्याआधी परवानगी घेतली जाते. दोन, बरोबर एक शिक्षक असतो. तीन, तारखा आधीच ठरतात. चार, हजेरीपटात त्या दिवसांना नाव मिळतं. पाच, परतल्यावर बुडालेलं भरून काढलं जातं. सहा, बाहेर जे केलं त्याचा कागद तयार होतो (अहवाल, हर्बेरियम, प्रमाणपत्र) आणि त्या कागदाला गुण मिळतात.

एक कबुली द्यायला हवी. ही यंत्रणाही सगळ्यांना सारखी नव्हती. सहलीचे पैसे भरता न आलेली दोन-चार मुलं प्रत्येक वर्गात असतात. बाकीचा वर्ग सहलीला गेला की मागे राहिलेल्यांना शिकवायला कुणी उत्साही नसतं. तास होत नाहीत, आणि त्यांच्या बुडालेल्या दिवसांची जादा बॅचही लागत नाही, कारण कागदोपत्री ती मुलं कॉलेजातच होती. म्हणजे ‘हजर’ या खुणेतही रिकामी जागा असू शकते, बरं का.

शाळाच मुलामागे गेली तर?

तांड्यावरच्या मुलांकडे परत येऊ. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात १९५० च्या सुमारास प्रवरेला झाली. कारखाने वाढले, तशी तोडणीची माणसं लांबून येऊ लागली. खानदेशातल्या टोळ्या महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात, तशाच गुजरातेतही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोली भागातल्या ऊसतोडीचा अभ्यास केला. त्यात तोडणीला येणारे लोक प्रामुख्याने खानदेशातले होते. मुकादम उचल देतो आणि माणसं मोजतो ती ‘कोयत्या’वर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि हाताखाली अनेकदा एक मूल.

इथे थांबून दोन वह्या शेजारी शेजारी ठेवा. शाळेच्या वहीत हे मूल आहे, पण ‘गैरहजर’. मुकादमाच्या वहीत आईबापाचा कोयता आहे, मुलाचं नाव नाही. पाचट काढणारं, मोळ्या बांधू लागणारं, धाकट्या भावंडाला कोपीपाशी सांभाळणारं हे मूल दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीत पडलं आहे. कागदावर ते कुठेच हजर नाही.

यावर उपाय शोधणारे लोक होते. खूप आधी, ऊसाचा संबंध नसलेल्या भागात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा कुरणात नेली. तिचं नावच ‘कुरणशाळा’. प्रश्न तोच, पण चौकट उलटी: मूल का आलं नाही असं न विचारता, मूल आहे तिथे आपण का नाही, असा विचार.

साखरशाळांमागची कल्पना हीच. कारखान्याच्या आवारात, टोळ्यांच्या वस्तीशेजारी हंगामापुरती शाळा. २००० नंतरच्या वर्षांत जनार्थसारख्या संस्थांनी अशा शाळा बऱ्याच कारखान्यांवर चालवल्या. अडचणीही भरपूर होत्या. टोळी फडाप्रमाणे हलते. मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळायला कोपीवरच राहतात. हंगाम संपला की इथे शिकलेल्याची नोंद गावच्या शाळेत पोहोचतेच असं नाही. आणि गुजरातेत गेलेल्या मुलाला तर शेजारची शाळाही गुजराती माध्यमाची.

दुसरा उपाय मुलाला गावातच ठेवण्याचा: हंगामी वसतिगृह. आईवडील गेले, मूल आजीकडे झोपायला, जेवण शाळेत. तिसरा उपाय कागदाचा: शिक्षण हमी कार्ड, म्हणजे मूल कुठल्या वर्गात आहे, काय येतं, हे लिहिलेला कागद, जो दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं. २०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी स्वतंत्र शासकीय वसतिगृहांची योजनाही आणली.

या सगळ्याला कायद्याचा आधार आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ मध्ये मागे पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. कलम ५ मध्ये राज्यात किंवा राज्याबाहेर दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे; दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. याचा एक परिणाम असाही झाला की, मुलं जवळच्या नियमित शाळेत घालावीत असं ठरल्यावर वेगळ्या साखरशाळांचा आधार कमी झाला.

आता मघाची सहा भागांची यंत्रणा आठवा आणि ताडून पाहा. तारखा? माहीत असतात, दरवर्षी त्याच. परवानगी? कुणी मागत नाही, कारण मागितली तर नाव पुढे येतं. बरोबर शिक्षक? साखरशाळा होती तेव्हा होता. रकान्याला नाव? नाही. परतल्यावर भरपाई? कायद्यात ‘विशेष प्रशिक्षण’ आहे, पण मूल मार्च-एप्रिलमध्ये परततं तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. इतकी वर्षं मूल वरच्या वर्गात ढकललं जायचं. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्रानेही पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली, त्यामुळे ही भरपाई आता आणखी निकडीची झाली आहे.

इथे एक काळजी घ्या. ऊसतोड म्हणजेही एक प्रकारची ‘सहल’च, मूल तिथे जीवनाचं शिक्षण घेतं, असं गोड लिहू नका. पाच महिन्यांचं श्रम आणि आठ दिवसांची अभ्यास सहल एक नाही. माझा मुद्दा छोटा आहे: बुडालेला अभ्यास भरून कसा काढायचा हे आपल्या संस्थांना येतं, पन्नास-साठ वर्षांपासून येतं. ते कुणासाठी वापरायचं, हा निवडीचा भाग आहे.

मोजायचा दिवस कोणता?

आता संशोधनाच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा भाग. तुम्ही म्हणाल, एवढी मुलं जातात तर आकडेवारीत दिसत असतीलच. पाहू.

शाळांची माहिती यू-डायसमध्ये भरली जाते. वर्षानुवर्षं तिची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर राहिली आहे. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यताही ३० सप्टेंबरच्या पटावर होत आली. टोळ्या निघतात दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे मोजायच्या दिवशी मूल वर्गात आहे.

२०११ मध्ये महाराष्ट्रात बोगस पट शोधायला विशेष पटपडताळणी झाली. तारखा ३ ते ५ ऑक्टोबर. त्या वर्षी दसरा ६ ऑक्टोबरला होता! त्या मोहिमेचा हेतू वेगळा होता, त्यामुळे तिला दोष नाही. पण तिचे आकडे वापरून स्थलांतरावर बोलायचं असेल, तर ती तारीख डोक्यात हवी.

आता जनगणना घ्या. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. त्या संपूर्ण काळात जो घरी नव्हता, तो घरी मोजला गेला नाही. जिथे सापडला तिथे मोजला गेला. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. त्यामुळे चाळीसगावच्या किंवा साक्रीच्या एखाद्या तांड्या-पाड्याची लोकसंख्या आणि साक्षरता वाचताना, ती ‘मागे राहिलेल्यांची’ आहे का, हे विचारा. पुढच्या जनगणनेचीही संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

घरोघरी जाणारी सर्वेक्षणं तरी? २००५ पासून चालणारा ‘असर’ शाळेत न जाता घरी जाऊन मुलांना वाचायला लावतो, आणि पटावरच्या आकड्यांवर विसंबायचं नाही म्हणूनच तो मोलाचा आहे. पण दाराला कुलूप असेल तर सर्वेक्षक पुढच्या घरी जातो. कुलूपबंद घराचं मूल तिथेही निसटतं.

२०१५ च्या ४ जुलैला राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलं शोधली गेली. महाराष्ट्रातल्या व्याख्येनुसार महिन्याहून जास्त काळ सतत गैरहजर असलेलं मूलही शाळाबाह्य धरलं जातं. व्याख्या चांगली आहे. पण जुलैमध्ये ऊसतोडीचं मूल गावातच, वर्गातच असतं. तीच व्याख्या जानेवारीत लावली तर तेच मूल शाळाबाह्य ठरतं.

एकच मूल. सप्टेंबरमध्ये पटावर, जानेवारीत गैरहजर, फेब्रुवारीत दुसऱ्या तालुक्याच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या खात्यात, जुलैत पुन्हा वर्गात. यातलं प्रत्येक मोजमाप आपापल्या जागी खरं आहे. फक्त त्या मुलाचं वर्ष त्यातल्या एकातही मावत नाही.

विज्ञानवाल्यांसाठी: गहाळ माहितीचे तीन प्रकार

माझ्यासारखे विज्ञानातून आलेले जे आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ च्या एका लेखात गहाळ माहितीची मांडणी केली, ती आज सगळीकडे शिकवली जाते. हजेरीपटावर ती अशी लागते.

पहिला प्रकार: निव्वळ योगायोग. चाचणीच्या दिवशी कुणाला ताप आला. हे सोडून सरासरी काढली तरी फारसं बिघडत नाही.

दुसरा प्रकार: गैरहजेरी एखाद्या गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती गोष्ट आपल्याकडे नोंदलेली आहे. उदाहरणार्थ, आईवडील ऊसतोडीला जातात का, हा रकाना आपण भरलाय. मग त्या गटाचा वेगळा विचार करून दुरुस्ती करता येते.

तिसरा प्रकार: जी गोष्ट मोजायची आहे, तिच्यामुळेच ती गहाळ आहे. ज्याला वाचता येत नाही तोच वाचनाच्या चाचणीला येत नाही. इथे नुसत्या गणिताने सुटका नाही, जाऊन शोधावं लागतं.

एक काल्पनिक हिशेब करू. वर्गात ३० मुलं. १० कारखान्यावर. उरलेल्या २० जणांची सरासरी ६० गुण. अहवालात लागलं ६०. गेलेल्या दहांना परीक्षा देता आली असती आणि त्यांना सरासरी ३० मिळाले असते, तर वर्गाची सरासरी ५० झाली असती. ते दहा गुण शिक्षकांनी लपवले नाहीत, विद्यार्थ्यांनी चोरले नाहीत. रिकामा चौकोन आपण ‘काही नाही’ असा वाचला, एवढंच झालं.

नेट-सेटच्या पेपर एकसाठी आपण नमुना निवडीतले दोष पाठ करतो. ते पाठ करताना डोळ्यांपुढे कुलूप लावलेलं दार आणा. व्याख्या विसरणार नाही.

मग तुम्ही काय करायचं?

ज्युनिअरला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

हजेरीपट आणि जनरल रजिस्टर यातला फरक समजून घ्या. जनरल रजिस्टर कायम जपलं जातं. जातपडताळणीसाठी आजोबांची नोंद शोधत फिरलेल्या घरांना ते चांगलं माहीत आहे. रोजचे हजेरीपट मात्र काही वर्षांनी रद्दीत जातात. त्यामुळे विषय ठरवायच्या आधी शाळेत नेमक्या कुठल्या वर्षांचे उरलेत ते पाहा.

वर्षाची टक्केवारी काढून मोकळे होऊ नका. कुठल्या आठवड्यात ओळ तुटते आणि कुठल्या आठवड्यात परत जुळते, हे नोंदवा. दिवाळीनंतर तुटून होळीच्या आसपास जुळणारी ओळ एक गोष्ट सांगते, कापसाच्या वेचणीत अधूनमधून तुटणारी ओळ दुसरी. सातपुड्यातल्या पाड्यांवर भोंगऱ्या आणि होळीच्या दिवसांत तुटणारी ओळ तिसरी. तिन्हींना एकच ‘अनियमित’ हा शब्द लावलात, तर तुमचं विश्लेषण तिथेच संपलं.

एकाच आडनावाची भावंडं एकाच तारखेला गायब होतात का, ते पाहा. मग जनरल रजिस्टरमधला ‘शाळा सोडल्याचं कारण’ हा रकाना वाचा. ‘सतत गैरहजर’ आणि ‘पालकांचे स्थलांतर’ यांतलं कुठलं कारण कधीपासून लिहिलं जाऊ लागलं, एवढ्यावरसुद्धा एक चांगला शोधनिबंध होऊ शकतो. मुलांची नावं मात्र तुमच्या वहीतच राहू द्या, प्रबंधात क्रमांक वापरा. आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी.

कागदाबाहेरच्या साक्षी जमवा. निवृत्त शिक्षक, मुकादम, आणि मुख्य म्हणजे मागे राहिलेल्या आजी. आपलं विद्यापीठ ज्यांच्या नावाचं आहे त्या बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून १९५२ मध्ये पुस्तक निघू शकलं. हजेरीपटात नाव नसणं म्हणजे सांगण्यासारखं काही नसणं नव्हे.

शेवटचं, तुमच्या स्वतःविषयी. पीएच.डी.ला लागलात की तुम्हीही महिनोन्‌महिने फील्डवर जाल, कोर्सवर्क बुडेल, सेमिनार चुकतील. तुम्हाला परवानगीचं पत्र मिळेल, तास भरून मिळतील. त्या पत्रावर सही घेताना ही मघाची यंत्रणा आठवा, आणि ती कुणाला मिळाली नाही तेही.

ज्युनिअर म्हणाला, "ठीक आहे भाऊ, सेमिस्टर संपलं की मे महिन्यात जातो गावाला." मी म्हटलं, मे महिन्यात नको. मेमध्ये शाळा बंद असते आणि सगळी घरं उघडी असतात. तू जानेवारीत जा. आधी हजेरीपट बघ, मग तांड्यावर जाऊन कुलपं मोज. दोन्ही आकडे एकाच पानावर लिही. तिथून तुझा विषय सुरू होईल.